गासडीवरचा एक रुपया

न्यू जर्सीतल्या कुठल्याही टाऊनशिपचं वार्षिक अंदाजपत्रक उघडलं की पोलीस, रस्ते, कचरा, बर्फ उपसणं, निवृत्तिवेतन, कर्जावरचं व्याज असं सगळं रकान्यांत मांडलेलं दिसतं. यंदा आपला कर किती वाढला तेवढं पाहून बहुतेक जण कागद मिटतात. मीही कित्येक वर्षं तेच केलं. मग एकदा शेवटच्या पानांपर्यंत गेले. तिथे 'रायडर' नावाचा दाट टाइपातला एक परिच्छेद असतो. गावाच्या रोजच्या जमाखर्चात मिसळायचे नाहीत, ठरलेल्या कामाखेरीज खर्चायचे नाहीत, अशा निधींची नावं त्यात एकापाठोपाठ दिलेली असतात. कुत्र्यांच्या परवान्यांच्या पैशाशेजारी तिथे मला परवडणाऱ्या घरांचा ट्रस्ट फंड सापडला. नाव होतं, रक्कम नव्हती. ती रक्कम कुठे मिळेल हे शोधण्यात माझा जवळजवळ एक हिवाळा गेला, आणि त्या शोधातून ही पुस्तिका झाली.

या फंडात पैसा येतो तो विकास शुल्कातून. गावात कुणी नवं काही बांधलं, गोदाम असो की बंगला, तर त्याने त्या किमतीचा ठरावीक हिस्सा गावाकडे भरायचा आणि त्या पैशातून कमी मिळकतीच्या माणसांना परवडतील अशी घरं व्हायची, ही त्यामागची कल्पना. आपल्या मराठी घरांत हा विषय सहसा दोनच प्रसंगी निघतो. शेजारी 'अफोर्डेबल' येणार अशी कुणकुण लागली तर, किंवा जुनं घर पाडून नवं बांधताना फीचा आकडा समोर आला तर. दोन्ही वेळा माणसं चिडलेली असतात. मला तो विषय सावकाश, मुळापासून सांगायचा आहे, कारण मी स्वतः अशाच एका आकारणीच्या पैशातून उभ्या राहिलेल्या खोलीत वाढले. त्या खोलीकडे मी पुढे येईनच.

अमेरिकेतलं सरकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वॉशिंग्टन येतं, पण घर कुठे, केवढं आणि कुणासाठी बांधायचं हे ठरतं गावात. न्यू जर्सीत अशी ५६४ गावं-शहरं आहेत आणि प्रत्येकाचं झोनिंग (कुठल्या जमिनीवर काय बांधता येईल याचे नियम) वेगळं. आयकर आणि विक्रीकर वरच्या सरकारांकडे जातात. गावाच्या हाती मुख्यतः मालमत्ता कर राहतो. २०२४ मध्ये राज्यातल्या घरांचं या कराचं सरासरी बिल वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर गेलं. त्यातला निम्म्याहून अधिक वाटा शाळांचा. शिवाय २०१० च्या कायद्यामुळे, काही ठरावीक अपवाद सोडले तर, गावाला आपली एकूण करआकारणी वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. अशा गावाच्या प्लॅनिंग बोर्डापुढे नव्या वस्तीचा नकाशा आला की आधी मुलं मोजली जातात. भाड्याच्या छोट्या घरातून कर थोडा येणार आणि त्या घरातली दोन मुलं शाळेत जाणार, असा तो हिशेब. गोदामाला मुलं नसतात. ऑफिसला नसतात. पंचावन्न वर्षांवरच्या लोकांसाठी राखलेल्या वसाहतीला नसतात. कर देणाऱ्या मालमत्तेला इथे 'रेटेबल' म्हणतात आणि गावं या रेटेबलच्या मागे धावतात. मग झोनिंगमध्ये किमान एक एकराचा प्लॉट, फक्त स्वतंत्र बंगले, बेडरूमच्या संख्येवर मर्यादा अशा अटी येतात. 'तुम्ही येऊ नका' असं त्यातल्या एकाही अटीत लिहिलेलं नसतं.

हे कोर्टात उघडं पडलं ते माउंट लॉरेलमुळे. कॅम्डेन शहराच्या पूर्वेला, बर्लिंग्टन काउंटीतलं हे मूळचं शेतीचं गाव. महामार्ग आले तशी इथली शेतं विकली जाऊन बंगले उठू लागले, आणि तिकडे कॅम्डेनमधले कारखाने बंद पडू लागले. माउंट लॉरेलच्या स्प्रिंगव्हिल भागात काही कृष्णवर्णीय कुटुंबं कित्येक पिढ्या राहत होती. त्यांतली काही तर कोंबड्यांची खुराडी डागडुजी करून केलेल्या घरांत. गावाने ही घरं राहायला अयोग्य ठरवायला सुरुवात केली. लोकांनी स्वतःच ३६ भाड्याच्या घरांची छोटी योजना पुढे केली, तर ती झोनिंगमध्ये बसत नाही असं उत्तर मिळालं. १९७० च्या ऑक्टोबरात महापौर तिथल्या चर्चमध्ये आले आणि ज्यांना या गावात राहणं परवडत नाही त्यांनी गाव सोडावं, अशा अर्थाचं सांगून गेले. ऐकणाऱ्यांत एथेल लॉरेन्स होत्या. पाळणाघरात लहान मुलांना शिकवणाऱ्या बाई, आणि त्यांच्या घराण्याची मुळं त्याच मातीत, गावातल्या बहुतेक बंगलेवाल्यांच्या कितीतरी आधीची. १९७१ मध्ये त्या आणि त्यांचे शेजारी, एनएएसीपी या संघटनेच्या स्थानिक शाखांसह, गावाविरुद्ध कोर्टात उभे राहिले.

१९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. न्यायमूर्ती फ्रेडरिक हॉल यांनी लिहिलं त्याचा आशय असा: झोनिंगचा अधिकार गावाला राज्याने दिलेला आहे, तो सगळ्यांच्या हितासाठी वापरायचा आहे, आणि वाढत्या गावाने आपल्या प्रदेशातल्या कमी मिळकतीच्या लोकांच्या घरांच्या गरजेतला रास्त वाटा उचलायचा आहे. त्या निकालपत्रातला एक तपशील माझ्या मनातून जात नाही. गावाने मोठ्या बिल्डरांशी केलेल्या करारात अशी तरतूद होती की दर फ्लॅटमागे ०.३ पेक्षा जास्त शाळकरी मुलं आली तर वरच्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च बिल्डरने सोसायचा. मुलाचा तीन दशांश भाग कुणीतरी बसून मोजला, टाइप केला, त्यावर सह्या घेतल्या.

निकालानंतर गावाने काय केलं? बांधायला गैरसोयीचे असे तीन तुकडे नकाशावर रंगवून दिले. खटला पुन्हा वर गेला. १९८३ मध्ये मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट विलेंट्झ यांनी या वेळी दात असलेला निकाल दिला: गाव टाळाटाळ करत असेल तर बिल्डरला कोर्टातून परवानगी मिळेल, मात्र त्याने आपल्या प्रकल्पात साधारण पाचवा हिस्सा परवडणारी घरं दिली पाहिजेत. गावोगाव संतापाची लाट उठली. १९८५ मध्ये गव्हर्नर टॉमस केन यांच्या काळात तडजोडीचा कायदा झाला आणि प्रत्येक गावाचा वाटा ठरवायला राज्य पातळीवर एक परिषद नेमली गेली. त्याच कायद्यात एक पळवाटही होती. आपल्या वाट्यातला निम्म्यापर्यंत भाग गावाला दुसऱ्या गावाकडे सोपवता येत होता, पैसे मोजून. श्रीमंत उपनगरं न्यूअर्क, ट्रेंटनसारख्या शहरांना रक्कम देत आणि स्वतःच्या नकाशावर काही उगवू देत नसत. ही सोय बंद व्हायला २००८ साल उजाडलं. त्या पैशाने शहरांतली जुनी घरं नीट झाली हे खरं आहे. पण ज्या बाईला माउंट लॉरेलमध्येच राहायचं होतं तिला न्यूअर्कमध्ये घर दुरुस्त करून देणं हे उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं, विकास शुल्काकडे पाहताना हा धडा पहिला आठवावा.

शुल्काची गोष्ट होल्मडेलची. बेल लॅब्जच्या काचेच्या इमारतीमुळे आपल्यातल्या जुन्या इंजिनिअर मंडळींना हे गाव ठाऊक आहे. ऐंशीच्या दशकात होल्मडेल आणि आणखी काही गावांनी बिल्डरांकडून परवडणाऱ्या घरांसाठी शुल्क घ्यायला सुरुवात केली. बिल्डर कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: गटार किंवा रस्ता आमच्या इमारतीमुळे वाढवावा लागला तर त्याचे पैसे घ्या, पण गरिबांना घर नाही याला आमची इमारत कारण कशी? हा तर वेष बदललेला कर आहे. १९९० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेलं उत्तर मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वात अर्थपूर्ण वाटतं. जमीन मोजकी आहे. तिच्यावर महागडं काही बांधलं की स्वस्त घराची जागा तेवढी कमी होते. म्हणून प्रत्येक बांधकामाचा या टंचाईशी संबंध आहेच. शुल्क वैध ठरलं. मात्र गावाने मनाला येईल तसं घ्यायचं नाही, राज्याच्या परिषदेने नियम करायचे, अशी अट कोर्टाने घातली.

आजचे नियम असे. बिगरनिवासी नव्या बांधकामावर राज्यभर एकच दर, जमीन आणि इमारत यांच्या समतुल्य करमूल्याच्या २.५ टक्के, हा २००८ च्या कायद्याने आला. निवासी बांधकामावर गाव १.५ टक्क्यापर्यंत आकारू शकतं. झोनिंगमध्ये बसत नसलेली जादा घरं बांधायला खास सवलत मिळाली तर त्या जादा घरांवर ६ टक्क्यांपर्यंत. समजा टर्नपाइक महामार्गाच्या ८-ए एक्झिटजवळ चार कोटी डॉलरचं गोदाम उभं राहिलं, तर त्या गावाच्या फंडात दहा लाख डॉलर येतात. कुणी आठ लाखांचं नवं घर बांधलं तर बारा हजार. निवासी शुल्क निम्मं बांधकाम परवान्याच्या वेळी आणि उरलेलं भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी भरायचं असतं. देवळं, चर्च, मशिदी आणि करमुक्त शाळा यांना बिगरनिवासी शुल्क माफ आहे; आपल्याकडे मंदिर उभारणीच्या समित्यांत हा प्रश्न हमखास निघतो म्हणून नमूद करते.

आता खर्चाची बाजू. फंड वेगळ्या, व्याज देणाऱ्या खात्यात ठेवायचा. प्रशासनावर २० टक्क्यांहून जास्त नाही: म्हणजे सल्लागार, वकील, नियोजनकार यांची बिलं या मर्यादेत बसवायची. काही भाग थेट माणसांना घर परवडावं यासाठी. घरभाड्याची अनामत, डाउन पेमेंटला हातभार, भाड्यातली सूट. उरलेल्यातून मोडकळीला आलेल्या घरांची दुरुस्ती, जमीन खरेदी, अपंगांसाठी सामूहिक निवास, आणि एक काम जे कुणाच्या नजरेत भरत नाही: मुदत संपत आलेल्या घरांची मुदत वाढवणं. परवडणारं घर कायमचं परवडणारं नसतं. खरेदीखतावर साधारण तीस वर्षांची अट असते. १९९० च्या आसपास बांधलेल्या फ्लॅटांच्या अटी आता संपत आल्या आहेत किंवा संपल्या आहेत. त्या क्षणी घर बाजारभावाने विकायला मोकळं होतं आणि गाव एक घर गमावतं, एकही भिंत न पाडता. फंडातून मालकाला मोबदला देऊन ती अट पुढे वाढवता येते. नवी इमारत बांधण्यापेक्षा यात पैसा कितीतरी कमी लागतो. फीत कापायला मात्र काही नसतं, म्हणून ते मागे पडतं.

शुल्कातून सगळी इमारत उभी राहते असं मात्र समजू नका. मोठा भार उचलतात १९८६ पासूनच्या केंद्रीय करसवलती आणि राज्याच्या गृहवित्त संस्थेची कर्जं. गावाचा पैसा त्यामानाने थोडा, पण तो पहिला असतो. गावाने जमीन घेऊन ठेवली, सुरुवातीची रक्कम बाजूला काढली, की पुढची दारं उघडतात. ज्या गावाने स्वतःचा डॉलर टाकलेला नाही त्याच्या अर्जाला वजन येत नाही.

आणि हाच डॉलर वर्षानुवर्षं नुसता पडून राहिलेला मी पाहिला आहे. याला कारणं दोन्हीकडची. राज्याची परिषद गावांचा वाटा ठरावीक वर्षांच्या फेऱ्यांनी ठरवायची; दुसऱ्या फेरीचे आकडे १९९९ पर्यंतचे. तिसऱ्या फेरीचे नियम पुन्हा पुन्हा कोर्टात रद्द झाले, आणि गावांच्या खर्चाच्या आराखड्यांना मंजुरी द्यायची ती परिषदच ठप्प झाली. दुसरीकडे, पैसे जमवायला गावांना हरकत नव्हती. ते खर्च करायचे म्हणजे कुठल्या रस्त्यावर, कुणाच्या शेजारी हे ठरवायचं, आणि तिथे सभागृह भरून लोक येत. २००८ च्या कायद्याने जमा झालेला पैसा चार वर्षांत कामाला लावायचं बंधन घातलं. २००९ च्या मंदीत तर बिगरनिवासी शुल्कच काही काळ स्थगित झालं. मग २०१२ मध्ये चार वर्षांची मुदत उलटली म्हणून राज्य सरकारने गावांकडची पडून राहिलेली रक्कम आपल्या अंदाजपत्रकाकडे वळवायला घेतली. गावं आणि घरांच्या हक्कासाठी लढणाऱ्या संघटना, एरवी एकमेकांविरुद्ध उभे राहणारे हे दोघे, तेव्हा एका बाजूने कोर्टात गेले. गावांचं म्हणणं ऐकल्याशिवाय पैसा उचलायला कोर्टाने मनाई केली आणि पुढे तो बेत बारगळला. मला त्या वादात सर्वात जास्त खटकलं ते हे की रक्कम 'कामाला लावली' म्हणजे नेमकं काय केलं, याची सर्वमान्य व्याख्याच नव्हती. एखादा ठराव? सही झालेला करार? कुणाच्या तरी हातात आलेली किल्ली?

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे परकं वाटू नये. बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर घेऊन बांधकाम मजुरांचं कल्याण करायचा आपला कायदा १९९६ मध्ये झाला. देशभर हजारो कोटी जमले आणि बहुतांश पडून राहिले, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सरकारांना कडक शब्दांत सुनावलं. महाराष्ट्राने २०१३ मध्ये मोठ्या भूखंडांवर २० टक्के घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायचा नियम केला. म्हाडाच्या सोडतीत ती घरं येतात. न्यू जर्सीतही सोडतच असते. जाहिरात, अर्ज, उत्पन्नाचे दाखले, चिठ्ठी, प्रतीक्षायादी. प्रदेशातल्या मध्यक (मीडियन) उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपर्यंत मिळकत असेल ते अल्प उत्पन्न, ८० टक्क्यांपर्यंतचे मध्यम, ३० टक्क्यांखालचे अत्यल्प.

विकास शुल्काची कल्पना राबवणारं न्यू जर्सी एकटं नाही. सॅन फ्रान्सिस्कोने १९८१ मध्येच नवीन ऑफिस इमारतींना सांगितलं की तुम्ही नोकऱ्या आणता तर त्या नोकरदारांच्या घरांचाही भार उचला. बॉस्टनने १९८३ मध्ये तेच केलं. लॉस एंजेलिसने २०१७ च्या अखेरीस. आता मात्र देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची सावली या शुल्कांवर आहे. कॅलिफोर्नियातल्या एल डोराडो काउंटीत आपल्या जमिनीवर तयार घर बसवू पाहणाऱ्या एका गृहस्थाला २३,४२० डॉलर वाहतूक शुल्क भरावं लागलं. त्याच्या दाव्यात २०२४ मध्ये एकमताने ठरलं की शुल्क कायदेमंडळाने सरसकट लावलेलं असलं तरी ते घटनेच्या कसोटीतून सुटत नाही. तो दावा घरांच्या शुल्काचा नव्हता, पण पुढचे दावे असतील.

दोनएक वर्षांपूर्वी आमच्या काउंटीतल्या एका प्लॅनिंग बोर्डाच्या बैठकीला गेले होते. मायक्रोफोनपुढे रांग होती आणि रांगेत बरीच आपली माणसं. शाळांवर ताण येईल, गाड्या वाढतील, घरांच्या किमती पडतील. बाहेर पार्किंगमध्ये ओळखीचे एक गृहस्थ भेटले, पुण्याचे. म्हणाले, "वहिनी, आम्ही वीस वर्षं हप्ते भरले. यांना स्वस्तात का म्हणून?" त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, दमणूक होती, आणि ती मी ओळखते. मी त्यांना विचारलं, "तुमचं पहिलं घर कुठलं?" त्यांनी एका टाऊनहाऊसच्या वसाहतीचं नाव सांगितलं. ती वसाहत माउंट लॉरेलच्या निकालाने झालेली होती. मध्य जर्सीत अशा कित्येक वसाहती आहेत: पाचातलं एक घर परवडणारं, चार बाजारभावाची, आणि ती चार घरं आपल्यासारख्या नुकत्याच ग्रीन कार्डच्या रांगेत लागलेल्या कुटुंबांनी घेतलेली. निकाल नसता तर तिथे एकरी एक बंगला असता आणि आपल्याला तो घेता आला नसता. आपल्या लोकांच्या आवडत्या वेस्ट विंडसरलाही २००२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने याच निकालाची आठवण करून दिली होती. ते गृहस्थ बराच वेळ गाडीच्या दाराशी उभे राहिले. त्यांचं मत बदललं असं मी म्हणणार नाही.

किमती पडतात का, याला निदान एका ठिकाणचं पक्कं उत्तर आहे. माउंट लॉरेलमध्ये अखेर २००० पासून भाड्याची घरं उभी राहिली, एकूण १४०, एथेल लॉरेन्स यांच्या नावाने. त्या स्वतः १९९४ मध्येच गेल्या. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांनी त्या वस्तीचा आणि आसपासच्या गावांचा अभ्यास करून २०१३ मध्ये पुस्तक काढलं. घरांच्या किमती, कर, गुन्हे, कशावरही त्या वस्तीचा वाईट परिणाम त्यांना आढळला नाही. अर्ज करूनही घर न मिळालेल्या कुटुंबांशी तुलना केली तेव्हा, ज्यांना मिळालं त्यांची कमाई आणि मुलांच्या अभ्यासाची परिस्थिती सुधारलेली दिसली.

आता ती खोली. नायगावची बीडीडी चाळ, १६० चौरस फूट, मजल्यावर वीस खोल्या, संडास सामायिक. आई, बाबा, आजी-आजोबा आणि आम्ही तिघी बहिणी. ही चाळ सरकारने बांधली एवढं आम्हाला ठाऊक होतं. कुठल्या पैशाने, हे मला न्यू जर्सीत येऊन, या विषयाचं वाचताना कळलं. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी मुंबईत विकास खातं काढलं, तेच हे बीडीडी, आणि गिरणी कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधायचं ठरवलं. त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीवर एक रुपया नगरशुल्क बसवलं. ज्या धंद्यामुळे माणसं शहरात येतात त्या धंद्याने त्यांच्या छपराचा भार उचलायचा: सॅन फ्रान्सिस्कोच्या साठ वर्षं आधी, होल्मडेलच्या निकालाच्या सत्तर.

पण त्या योजनेचा उरलेला इतिहासही सांगायला हवा. पन्नास हजारांपैकी सोळा हजारांच्या आसपास खोल्या झाल्या: वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी. आणि झालेल्या खोल्यांपैकी पुष्कळ कित्येक वर्षं रिकाम्या राहिल्या. बांधकामाचा खर्च अफाट गेला, आणि भाडं गिरणी कामगाराच्या पगाराला झेपेना. पैसा जमला होता, भिंती उभ्या होत्या, आणि कामगार बाहेर कोंदट चाळींत दाटीवाटीने राहत होते. अंदाजपत्रकात ते काम झालेलं दिसत असणार. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना पुनर्विकासातल्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्याची बातमी आली तेव्हा मी ती आमच्या घरातल्या वयस्कर मंडळींना वाचून दाखवली. आजोबा गिरणीत गासड्या फोडायच्या खात्यात होते. आपण फोडतो त्या गासडीचा आणि आपल्या खोलीचा संबंध त्यांना कुणी सांगितला नव्हता.

न्यू जर्सीत सध्या चौथी फेरी चालू आहे, २०२५ ते २०३५. मार्च २०२४ च्या कायद्याने जुनी परिषद बरखास्त झाली आणि आकडे काढायचं काम राज्याच्या सामुदायिक व्यवहार खात्याकडे आलं. खात्याने ८४,६९८ नवी घरं आणि ६५,४१० दुरुस्त्या अशी गरज मांडली. प्रत्येक गावाने आपला आराखडा ३० जून २०२५ पर्यंत द्यायचा होता, आणि झोनिंगमधले बदल मार्च २०२६ पर्यंत. फंडाचा हिशेबही आता दरवर्षी त्या खात्याकडे जातो. माझं स्वतःचं मत या पुस्तिकेत जागोजागी दिसेल, ते इथेच सांगून टाकते: शुल्क हा दुसऱ्या पसंतीचा मार्ग आहे. जिथे घरंच बांधली जात आहेत तिथे पाचातलं एक त्याच आवारात असावं. फी घेऊन बिल्डरला सोडू नये. शुल्क खरं शोभतं ते गोदामांना आणि ऑफिसांना. ८-ए एक्झिटच्या गोदामांत रात्रपाळी करणारी माणसं मैलोगणती लांबून येतात; त्यांच्या छपराचा भार त्या गोदामांनी उचलणं न्यायाचं आहे. आणि फंडातली शिल्लक मोठी असणं ही गावाची शाबासकी धरू नये.

पुढच्या प्रकरणांत अंदाजपत्रक कसं वाचायचं, रायडर कुठे असतो, खर्चाचा आराखडा कुठे मागायचा हे क्रमाने दिलं आहे. सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली, ज्याला इथे सगळे 'ओप्रा' म्हणतात, टाऊनशिपच्या क्लार्ककडे अर्ज केला की साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर मिळतं. अर्जाचा नमुना मराठी टिपांसह जोडला आहे. शेवटचं पान मुद्दाम मोकळं ठेवलं आहे. त्यावर तुम्ही भरायच्या चार ओळी आहेत: गावाचं नाव, फंडातली शिल्लक, त्यातली करार झालेली रक्कम, आणि गेल्या चार वर्षांत ज्यांत माणसं राहायला आली अशी घरं. आमच्या गावाचं पान मी भरलं. चौथ्या ओळीसाठी क्लार्कबाईंना दोनदा फोन करावा लागला, आणि दुसऱ्या खेपेला त्यांनी स्वतः पत्त्यांची यादी काढून एकेक घर माझ्याबरोबर मोजलं.